न धुतलेली पिशवी

पहिल्या सात दिवसांत ताईने ती पिशवी चौदा वेळा धुतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कोमट पाण्यात, नाजूक कपड्यांची पावडर घालून. घरात हे कुणालाही खटकलं नाही. खाली लाँड्री, वर राहायच्या तीन खोल्या आणि मध्ये लोखंडी जिना. त्या जिन्यावरून वर्षानुवर्षं गाठोडी वर-खाली होत आलेली. त्या घरात कुणी शिंकलं तर आधी रुमाल मशीनमध्ये जायचा, मग विचारपूस व्हायची.

ताई पंचावन्न वर्षांची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे एकेक करून थकले. लाँड्री वडिलांची. ते गेले त्या आठवड्यात धाकटा भाऊ काउंटरवर बसला आणि ताई मागच्या खोलीत वाफेच्या प्रेसवर उभी राहिली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. जो जिथे होता तो तिथेच राहिला, आणि त्याला एकतीस वर्षं झाली. भावजय धुलाईची तीन मशीनं सांभाळायची. धाकट्याचं नाक दुकानाचं भांडवल होतं. डागावर नाक टेकवून तो सांगायचा, ही शाई, हे औषध, हे गाडीचं तेल. गिऱ्हाइकं मुद्दाम त्याची परीक्षा घेत आणि हरत.

गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी दर सोमवारी पाच पांढरे सदरे धुवायला टाकायचे. त्यांच्याकडे शुगर ग्लायडरची जोडी होती. हा प्राणी मुठीत मावतो. करडा रंग, पाठीवर काळा पट्टा, तोंडाच्या मानाने भलतेच मोठे डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो ताणून कपाटावरून थेट खिडकीच्या पडद्यावर तरंगत जातो. दिवसभर झोपतो. दिसतो खारीसारखा, पण नातं कांगारूशी. घड्याळजींनी जोडीची नावं मिनिट आणि सेकंद ठेवली होती. वर्षाच्या सुरुवातीला मिनिट गेली, सेकंद उरला. मग घड्याळजींनाच लेकीने कायमचं परदेशात, आपल्याकडे बोलावून घेतलं. प्राण्याला तिथे नेता येत नव्हतं.

"ताई, इतकी वर्षं माझ्या कॉलरी तुम्ही ताठ ठेवल्यात," घड्याळजी म्हणाले. "हाही तुम्हीच सांभाळा."

"मला प्राण्यांतलं काही कळत नाही हो."

"कॉलरींतलं तरी जन्मतः कुठे कळत होतं?"

त्यांनी पिंजरा दिला, फळांचं आणि किड्यांचं वेळापत्रक लिहून दिलं आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. दिवसा त्याला छातीशी पिशवीत घेऊन हिंडायचं. तो आत झोपतो आणि झोपेतच माणसाला आपलं म्हणतो. तसं झालं नाही तर तो खाणं सोडतो, शेपटीचे केस उपटतो, पुढे शेपटीच चावतो. स्वतःची पिशवी मात्र त्यांनी दिली नाही. "ही दिली तर तो माझीच वाट बघत बसेल. नवी घ्या. बघून घ्या."

घरी पिंजरा आला तेव्हा धाकट्याने चष्मा वर केला. "उंदीर?"

"उंदीर असता तर तुला विचारून आणला असता."

भावजय जिन्यातच थांबली. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! वन्सं, ह्याची घाण कोण काढणार?"

"लाँड्रीत राहून मला डागांची भीती घालतेस होय गं?"

धाकट्याने जास्त वाद घातला नाही. वाद न घालता निकाल लावायची त्याची पद्धत होती. त्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराला फोन लावला आणि तिथेच, ताईच्या देखत, ठरवून टाकलं. पंधरा दिवस. तेवढ्यात प्राणी रुळला तर ठीक, नाही तर पंधराव्या दिवशी चार वाजता दुकानदार येऊन घेऊन जाईल. फोन ठेवून तो म्हणाला, "झालं. आता तक्रार नको."

"मी कुठे तक्रार केली?" ताई म्हणाली. "पिशवी तरी कुठे मिळते ते विचारायचं होतंस त्याला."

पिशवी त्याच्याकडेच मिळत होती.

लगेच ताई त्या दुकानात गेली. भर दुपारी आत पांढऱ्या नळ्या जळत होत्या. काचेच्या पेटीत दोन ग्लायडर कोपऱ्यात एकमेकांत तोंड खुपसून पडले होते. झोपायची वेळ आणि अंगावर प्रखर उजेड. पेटीवर बोटांचे ठसे होते. ताईने ते पाहिलं आणि पंधराव्या दिवशी काय होऊ द्यायचं नाही, हे तिला नेमकं कळलं.

दुकानदाराने काउंटरवर चार पिशव्या मांडल्या. पहिली साटिनची, कडेला झालर. ताईने ती उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं आणि बाजूला सरकवली. "आत सुटे धागे आहेत. त्याच्या बोटाला गुंडाळला तर बोट काळं पडेल."

"मावशी, लोक रंग बघतात. तुम्ही शिवण बघताय."

"तो आत डोळे मिटून झोपणार. त्याला रंग कशाला?"

दुसरी लोकरीची, विणलेली, दिसायला सगळ्यांत उबदार. ताईने करंगळीचं नख विणीच्या फाशात घातलं आणि ओढलं. नख अडकलं. "माझं एक नख आहे. त्याची किती?"

"आजवर कुणी परत नाही आणली."

"पिशवी परत आणली नसेल. प्राण्याचं काय झालं ते सांगायला कोण येतं तुमच्याकडे?"

दुकानदाराने लोकरीची उचलून ठेवली. तिसऱ्या पिशवीच्या चेनीचे दात आतल्या बाजूने उघडे होते. "ह्यात कातडीचा पडदा सापडला तर? उशीच्या अभ्र्यालासुद्धा अशी चेन आम्ही खपवून घेत नाही."

चौथी साधी होती. करडी, फ्लीसची, दुहेरी. शिवणी दोन थरांच्या मध्ये दडवलेल्या, चेनीला आतून कापडी पट्टी, वर हवेसाठी बारीक जाळीची खिडकी, खांद्याला रुंद पट्टा. ताईने मनगटापर्यंत हात आत घालून खोली पाहिली. फार खोल असती तर तो तळाशी लोंबकळत राहिला असता, माणसापासून लांब. उथळ असती तर तोंडाशीच घुटमळला असता. मग तिने पिशवी छातीशी धरली आणि आतली मूठ हळू उघडली-मिटली. हालचाल बरगडीला कळली.

"ही," ती म्हणाली.

"एवढं तपासून कुणी लग्नाचा सूटही घेत नाही, मावशी."

"सूट घेऊन आमच्याकडे येतात. तेही डाग पडल्यावर."

निवड चोख होती. चूक पुढे झाली, आणि ती ह्या घराशिवाय कुठे झाली नसती. नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, हा वडिलांचा नियम. ताईने घरी येताच पिशवी धुतली. शेवटच्या पाण्यात फुलांच्या वासाचं औषध घातलं, ते महागातलं, जे हॉटेलच्या चादरींपासून घरच्या कपड्यांपर्यंत सगळ्याला घालत. वाळवली, हलक्या हाताने इस्त्री फिरवली आणि सेकंदला आत ठेवलं.

तो किंचाळला. शिलाई मशीनमध्ये दोरा गुंतल्यावर जो घरघरता, कर्कश आवाज येतो, त्याच्या दसपट. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो ह्यावर कुणाचा विश्वास बसेना. काउंटरवरची बाई दचकून म्हणाली, "मशीन बिघडलं का तुमचं?"

"नाही," धाकटा म्हणाला, "बहीण."

ताईला वाटलं, पिशवी पुरेशी स्वच्छ नसेल. म्हणून ती रोज दोनदा धुऊ लागली. हातही दर वेळी साबणाने कोपरापर्यंत घासू लागली. दिवसातले तीन तास ती पिशवी छातीशी बांधून घड्या घालायची, बाकी वेळ पिशवी प्रेसशेजारच्या खुंटीला. तो किंचाळतच राहिला. हात आत गेला की चावायचा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो एकशे अठरा ग्रॅम भरला होता. सातव्या दिवशी एकशे चार. शेपटीच्या टोकाला रुपयाएवढी जागा उघडी पडली होती.

"बघ," धाकटा म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी."

"घडा पालथा आहे की पाणी चुकीचं, ते बघते मी," ताई म्हणाली आणि आठव्या दिवशी सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ होत्या. त्यांनी सेकंदला तपासलं, दात पाहिले, शेपटी पाहिली. मग पिशवी नाकाशी धरली आणि पुन्हा धरली.

"ही नवी आहे का?"

"सात दिवसांची."

"मग हिला कसलाच वास कसा नाही? म्हणजे फुलांचा आहे, पण तुमचा नाही."

"धुते ना रोज. दोनदा." ताईच्या आवाजात अभिमान होता. तो तिचा तिलाच ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, हसू दाबायला. "ताई, ही जात माणसाला नाकाने ओळखते. चेहरा-बिहरा नंतर. काल दिवसभर तुम्ही त्याच्या नाकात थोड्या थोड्या बसलात. संध्याकाळी स्वतःला धुऊन टाकलंत. आज सकाळी त्याला पुन्हा कुणा परक्याच्या हातात दिलंत. चौदा वेळा. मी असते तर मीही चावले असते."

ज्या कामात आपण उत्तम, त्याच कामाने घात केला, हे पचायला ताईला डॉक्टरांच्या जिन्याच्या सात पायऱ्या लागल्या. सातव्या पायरीवर ते पचलं होतं.

सूचना सरळ होत्या. पिशवी धुवायची नाही. घाण झाली तर ओल्या फडक्याने पुसायची. आंघोळ बिनवासाच्या साबणाने. आणि वाफेजवळ प्राण्याला मुळीच न्यायचं नाही. प्रेसशेजारची खुंटी त्याच्यासाठी भट्टी होती. वजन शंभराच्या खाली गेलं तर थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं. पिशवीत आधी तुमच्या अंगावरचं कापड घाला, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जुनं, तुमचा वास असलेलं.

घरी येऊन ताईने कपाट उघडलं. सदरे, उशांचे अभ्रे, टॉवेल, मोजे. एकेक कापड नाकाशी नेलं. सगळ्यांना एकच वास, औषधातल्या फुलांचा. तिचा सदरा कुठला आणि धाकट्याचा कुठला, हे डोळे मिटून सांगता आलं नसतं. रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरांचा कोट मध्ये घातला असता तर तोही घरचाच वाटला असता. तिने कपाटाच्या तळाशी हात घातला, जुनी शाल निघाली. तीही धुतलेली. पंचावन्न वर्षांत तिच्या वासाचं म्हणावं असं त्या घरात हातरुमालाएवढं कापड नव्हतं.

तिने कपाट बंद केलं. धाडकन.

त्या दिवसापासून ताईने आत एक मऊ सुती सदरा घातला आणि तो बदलला नाही. पिशवी दिवसा सदऱ्यावर, आणि ताई रात्री झोपताना रिकामी, सदऱ्याच्या आत, कातडीला लागून. वर रोजचा धुतलेला कामाचा सदरा, कमरेला एप्रनची नाडी. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. पण ह्या घरात वरून कोण पाहतं?

दहाव्या दिवशी धाकटा जेवता जेवता थांबला. "ताई, तुझ्याकडून वास येतोय."

"कसला?"

त्याने नाक पुढे केलं, मागे घेतलं. शाई, तेल, औषध, बुरशी. त्याच्या यादीत कुठेच बसेना. "म्हणजे... कसला तरी."

"एकतीस वर्षं नाकाच्या जोरावर खुर्चीत बसलास. सांग ना."

"तुझाच येतोय," तो चिडून म्हणाला. "माणसाचा."

"चला, आमची ओळख झाली."

"वन्सं, गिऱ्हाईक काय म्हणेल?" भावजय म्हणाली. "लाँड्रीत येऊन नाकाला रुमाल लावायचा का त्यांनी?"

"रुमाल आपल्याकडेच धुवायला येईल. धंदाच आहे."

ह्याच जेवणावर तिने दुसरी गोष्ट काढली. वाफेजवळ पिशवी नेता येत नव्हती. सकाळचे सहा तास तिला पुढे, काउंटरवर बसायचं होतं, प्रेस तेवढा वेळ धाकट्याने पाहावी.

"काउंटरवर मी बसतो," धाकटा म्हणाला.

"बसतोस ते मला माहीत आहे. बसतोसच."

"ताई, तुला गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही."

"बोलायला दिलं कधी?"

तो उठून गेला. ताईने मग घड्यांचं टेबल स्वतःच ओढत दुकानाच्या पुढच्या खोलीत आणलं आणि दाराजवळ, काउंटरच्या अंगाला लावलं. त्यावर सकाळभर घड्या घालायची. प्रेसचं काम सगळं संध्याकाळवर ढकललं, सेकंद पिंजऱ्यात जागा झाल्यावर. पाय सुजले. भावजयीने गरम पाण्याची बादली आणून ठेवली, बोलली मात्र नाही.

आता आकडे बोलू लागले. नवव्या दिवशी तो हात आत गेल्यावर पंधरा वेळा किंचाळला. अकराव्या दिवशी चार वेळा. बाराव्या दिवशी ओरडलाच नाही, फक्त बोटावर थंड नाक टेकवून बराच वेळ हुंगत राहिला, एखादा कारकून अर्ज वाचतो तसा. वजन एकशे सात. तेराव्या दिवशी त्याने तिच्या हातावरचा घाम चाटला आणि पुन्हा गोळा होऊन झोपला. शेपटीची उघडी जागा वाढायची थांबली. चौदाव्या दिवशी ताई सकाळभर घड्या घालत होती आणि बरगडीपाशी लिंबाएवढी ऊब श्वास घेत होती. कुणी विचारलं नाही, तरी तिने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "आत झोपलाय."

"कोण?"

"माझा."

पंधराव्या दिवशी सकाळी ताई आंघोळीला गेली. सदरा आणि पिशवी न्हाणीबाहेरच्या खुंटीला टांगली. दहा मिनिटांत बाहेर आली तेव्हा सदरा होता, पिशवी नव्हती.

ती जिना उतरून खाली गेली. मधलं मशीन फिरत होतं. गोल काचेत हॉटेलच्या पांढऱ्या चादरींमधून करडा रंग वर येई, खाली जाई. भावजय समोर उभी होती, हात एप्रनला पुशीत.

"सवयीने टाकलीस?" ताईने विचारलं.

भावजयीला तेवढी पळवाट पुरली असती. तिने ती घेतली नाही. "नाही. मुद्दाम टाकली. खोटं कशाला बोलू?"

"का?"

"आज चार वाजता तो येणार. प्राणी जाईल, तुम्ही पुन्हा मागे प्रेसवर जाल, दोन दिवस रुसाल आणि सगळं होतं तसं होईल. मला होतं तसं हवंय, वन्सं. मी ह्या मशीनांवर आहे वीस वर्षं. तुम्ही काउंटर मागायला लागलात, उद्या मीही मागेन. मग ह्या घरात धुणार कोण?"

एवढं खरं बोलणं त्या दोघींत कधी झालं नव्हतं. "मग माग की," ताई म्हणाली. "मी थोडीच नाही म्हणणार आहे? पण माझी पिशवी टाकून नव्हे."

"आता काय करणार?"

"सदरा का सोडलास?"

भावजयीची मान खाली गेली. "तो तुमच्या अंगावरचा. तेवढा हात नाही धजला."

अर्ध्या तासाने मशीन थांबलं. ताईने ओली पिशवी बाहेर काढली, नाकाशी धरली. फुलं. निव्वळ, लखलखीत, कुणाचीच नसलेली फुलं. सात दिवसांचं काम अडतीस मिनिटांत निघून गेलं होतं. डाग काढायला ह्या घराइतकं पटाईत कुणी नाही, हे पुन्हा सिद्ध झालं.

वर पिंजऱ्यात सेकंद कोपऱ्यात बसून होता. झोपायची वेळ टळून गेली होती आणि झोपायला जागा नव्हती. त्याने शेपूट तोंडाशी ओढली होती. ताईने ओली पिशवी खिडकीतून खालच्या अंगणात भिरकावली. मग आठ दिवसांचा तो सुती सदरा अंगावर चढवला, वरची दोन बटणं उघडी ठेवली, एप्रनची नाडी कमरेला घट्ट आवळली, म्हणजे खालून वाट उरली नाही, आणि पिंजऱ्याचं दार उघडून हात पुढे केला. हात हुंगून झाला. तो मनगटावर आला, कोपरावर आला, खांद्यावर आला. तिथे थांबला. मग गळ्याच्या कडेवरून थेट आत.

नखं टोचली. बारीक, वाकडी, वीस-एक ठिकाणी. ताईने ओठ दाबला आणि हलली नाही. तो छातीवरून बरगडीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला, एकदा पाठीवर फेरी मारली. अख्खं घर पाहून घेणाऱ्या भाडेकरूसारखा. शेवटी डाव्या बरगडीखाली, नाडीच्या वर, जिथे सदऱ्याची चुणी पडली होती, तिथे गोल झाला. थोड्या वेळाने नखांची पकड सैल झाली. आणखी थोड्या वेळाने श्वास संथ झाला.

ताई जिना उतरली, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. थेट पुढे गेली. धाकटा कुणाशी तरी बोलायला दारात उभा होता. खुर्ची रिकामी होती. ताई तिच्यात बसली.

तो वळला. "हे काय?"

"बसले."

"ऊठ."

"उठले तर तो जागा होईल."

दिवसभर ती उठली नाही. अकरा गिऱ्हाइकं आली. अकरा पावत्या तिने फाडल्या, नावं नीट लिहिली, एकाचं हरवलेलं कफलिंक त्याच्याच कोटाच्या खिशातून काढून दिलं. जेवण भावजयीने काउंटरवर आणून ठेवलं आणि जाताना पुटपुटली, "पाणी उजव्या हाताला ठेवलंय. वाकू नका." धाकटा तिथेच येरझाऱ्या घालत होता. घड्याळाकडे बघत होता. चार वाजायची वाट एवढ्या आतुरतेने त्याने कधी पाहिली नसेल.

दुकानदार चारला पाच कमी असताना आला. हातात छोटा पिंजरा. "कुठे आहेत आपले पाहुणे?"

"ताई, दे," धाकटा म्हणाला.

"पिशवी कुठे?" दुकानदाराने विचारलं. "ती करडी, एवढी तपासून नेलेली?"

"धुतली गेली."

"मग प्राणी?"

ताईने डाव्या बरगडीकडे बोट दाखवलं. सदऱ्याची चुणी हलली, पुन्हा स्थिर झाली. दुकानदार वाकून पाहू लागला आणि मग आपण कुठे पाहतोय ते लक्षात येऊन ताठ झाला.

"ताई, तमाशा नको," धाकटा म्हणाला. "काढ त्याला बाहेर."

"तूच काढ."

धाकट्याचे कान लाल झाले. भावजयीने मशीनच्या खोलीतून तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. दुकानदारालाही हसू आवरेना.

"ओरडत नाही तो?" त्याने विचारलं. "तुमचे बंधू म्हणाले होते, गल्ली डोक्यावर घेतो."

"घेतो. तुम्ही हात पुढे करा, आत्ता घेईल."

दुकानदाराने हात पुढे केला नाही. पिंजरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "साहेब," तो धाकट्याला म्हणाला, "मी न रुळलेला प्राणी न्यायला आलो होतो. हा रुळलेला दिसतोय. रुळलेला ओढून नेला तर तो आठवड्यात मरतो आणि पेटी मला धुवावी लागते. मी निघतो."

"थांबा," ताई म्हणाली. "तसल्याच दोन करड्या पिशव्या पाठवा. आणि घडी करून नका देऊ, इथे घड्या आम्ही घालतो."

तो गेला. दुकानात तिघं उरली. चौथा झोपला होता.

"मी पंधरा दिवस म्हटलं होतं," धाकटा म्हणाला.

"रुळला नाही तर, असं म्हटलं होतंस. मी नीट ऐकलं होतं. तू तुझंच विसरलास."

"आणि हे असं किती दिवस चालणार?"

"घड्याळजी म्हणाले, ही जात दहा-बारा वर्षं जगते. हा पाच वर्षांचा आहे."

धाकट्याने मनात हिशेब केला. तो त्याच्या चेहऱ्यावर उमटला. "मी काउंटर सोडणार नाही, ताई. सांगून ठेवतो."

"सोडू नकोस. दुपारनंतर बस. सकाळी मी. बायकोलाही विचार, तिला कुठली वेळ हवी."

"आणि सकाळी प्रेसवर कोण?"

ताईने पावत्यांचं पुस्तक स्वतःकडे ओढलं. आजचं काम अजून पडून होतं. सहा वाजता हॉटेलची गाडी येणार होती आणि गाडीवाला कुणासाठी थांबत नसे. हे ह्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

"अठरा चादरी आहेत," ती म्हणाली. "ओल्या राहिल्या तर वास मारतील."

धाकट्याने घड्याळाकडे पाहिलं. मग बाह्या वर करत मागच्या खोलीत गेला. प्रेसचं झाकण उघडल्याचा, आणि लगेच "आई गं!" असा आवाज आला.

"कड धरू नकोस," ताईने खुर्चीतूनच सांगितलं, हळू, बरगडीला धक्का न लावता. "मूठ धर. लाकडाची आहे, ती भाजत नाही."